रिटायर झालेल्या दोघांनी भाजीच्या बागेतला दिवस कसा लावायचा (घरात कुत्रा असेल तर नक्की वाचा)

आमचे हे रिटायर झाले 2019 ला, मी दोन वर्षांनी शाळेतून सुटले, आणि तेव्हापासून नाशिकला मखमलाबादकडच्या आमच्या घरामागच्या सव्वा गुंठ्यात आम्ही दोघं भाजी लावतो. सोबत खंडू, आमचा गावठी कुत्रा, तांबूस रंगाचा, आता सहा वर्षांचा आहे. ओळखीतले नव्याने रिटायर झालेले लोक येतात, मेथीची जुडी हातात घेतात आणि विचारतात की सुरुवात कशी करू. बहुतेकांची गडबड एकाच ठिकाणी होते बघा. खत, बी, अवजारं सगळं एकदम आणायचं, रविवारी सकाळी सात ते दुपारी एक सलग कुदळ मारायची, आणि मग कंबर धरून पंधरा दिवस बसायचं, तोवर रोपं वाळून जातात. म्हणून मी आज भाजी कशी लावायची एवढंच नाही सांगणार, भाजी लावायचा दिवस कसा लावायचा तेही सांगणार आहे, कारण साठीच्या पुढे तेच जास्त महत्त्वाचं आहे आणि कुत्रा असेल तर दुप्पट महत्त्वाचं.

मी नोव्हेंबरच्या मधला दिवस धरतेय. दिवाळी झालेली असते, पाऊस गेलेला असतो, पहाटे शाल लागायला लागते. नाशिकच्या थंडीत मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा, गाजर, मटार, कोबी-फ्लॉवर, टोमॅटो, वांगी सगळं छान येतं. भेंडी, गवार, गिलकी आत्ता लावू नका, थंडीत ती नुसती उभी राहतात, वाढतच नाहीत. ती फेब्रुवारीच्या मध्यानंतर, थंडी ओसरली की.

आदल्या दोन दिवसांत

जो वाफा खणायचाय त्याला दोन-तीन दिवस आधी पाणी द्यायचं. इथे बऱ्याच भागात काळी चिकट माती, ती कोरडी असताना दगड आणि ओली असताना लगदा. दोन्हीच्या मधे जी अवस्था येते तिला वाफसा म्हणतात, आणि शेतकरी माणूस वाफसा आल्याशिवाय जमिनीला हात लावत नाही. तपासायचं कसं तर चार बोटं खोलवरची मूठभर माती घ्या, घट्ट दाबा, लाडवासारखा गोळा होईल, तो कमरेच्या उंचीवरून खाली टाका. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. पचकन चपटा झाला तर अजून ओल आहे, एक दिवस थांबा. गोळाच झाला नाही तर पाणी द्या. ओल्या काळ्या मातीत खणलं की जी ढेकळं बनतात ती पुढे विटेसारखी वाळतात आणि मग ती फोडायला हातोडी घ्यावी लागते, मी हे पहिल्या वर्षी केलंय, अख्खा वाफा त्या हंगामात वाया गेला.

आदल्या संध्याकाळी बी तयार करायचं. धने सपाट जागेवर घेऊन चपलेनं किंवा लाटण्यानं हलके रगडायचे म्हणजे एकेका धन्याचे दोन भाग होतात, कारण त्या गोल फळात दोन बिया असतात. पूड करायची नाही हां. मग रात्रभर पाण्यात. पालकाचं बीसुद्धा भिजत घाला. मेथी नुसती टाकली तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, पण भिजवली तर सारखी उगवते. बाजारातून लागवडीचं बी आणलं असेल आणि ते गुलाबी-निळ्या रंगाचं असेल तर त्याला औषध लावलेलं असतं, ते भिजवत बसू नका, उघड्या हातानं घेऊ नका आणि कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर तर ठेवूच नका.

आणि कॅलेंडरवर उद्याची कामं लिहायची. तीनच. आम्ही दोघांनी हे पक्कं ठरवलंय, एक जड काम, एक बसून करायचं काम, एक संध्याकाळचं. चौथं आठवलं तर ते परवावर.

सकाळी: आधी कुत्रा, मग बाग

साडेसहाला चहा, सोबत दोन खारी किंवा रात्रीच्या भाकरीचा तुकडा, बीपीची गोळी डॉक्टरांनी जशी सांगितली असेल तशी. रिकाम्या पोटी खणायला उतरायचं नाही.

मग खंडूला घेऊन बाहेर वीस-पंचवीस मिनिटं. मळे परिसरातला रस्ता आहे, हे चालतात आणि तो हुंगत हुंगत सगळी कामं बाहेर उरकून येतो. हे टाळू नका, कारण कुत्र्याच्या लघवीत नत्र इतकं तीव्र असतं की कोवळी मेथी जागच्या जागी पिवळी पडून जळते. बागेत केलीच तर लगेच तिथे बादलीभर पाणी ओतायचं. शी मात्र कधीही कंपोस्टमधे टाकायची नाही, त्यातून जंतांची अंडी मातीत जातात आणि ती महिनोन् महिने जिवंत राहतात, आपण त्याच मातीतला मुळा खाणार असतो. वेगळी पिशवी आणि कचऱ्यात. खंडूला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध आणि वर्षाला रेबीजची लस, ह्याच्या तारखा पण त्याच कॅलेंडरवर.

साडेसात-आठला ऊन वाफ्यांवर आलं की एक चक्कर मारायची, हातात काही न घेता. खुरपं हातात असलं की माणूस बघत नाही, करायला लागतो. पानं उलटी करून बघायची. टोमॅटोच्या पानाखाली पांढरे बारीक माशीसारखे किडे उडाले तर पांढरी माशी, तीच पानं आकसणारा व्हायरस पसरवते. मिरचीचा शेंडा वर वळलेला दिसला तर फुलकिडे. मेथीत मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, असेल तर पानं चिकट लागतात. खंडू ह्या चकरेत पुढे असतो आणि कुठे थांबून गुरगुरला तर आम्ही तिथे हात घालत नाही, आधी काठीनं पाला हलवतो. थंडीत साप उन्हाला येतात आणि पालापाचोळ्याच्या ढिगात बसतात, घोणस आमच्याकडे दोनदा निघालीय. त्यामुळे गमबूट घालूनच उतरायचं, ढीग वाफ्यांपासून लांब ठेवायचा, आणि कुत्र्याला मागे बोलावल्यावर तो आलाच पाहिजे इतकं शिकवलेलं असावं. कोणाला चावलाच तर बांधाबांध, चिरणं काही करत बसायचं नाही, हालचाल कमी ठेवून सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

जड काम: वाफा

वाफा तीन फूट रुंदीचा करा, त्याहून मोठा नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय द्यावाच लागू नये. लांबी दहा फूट पुष्कळ झाली. दोन वाफ्यांमधली वाट दोन फुटांची ठेवा, लोक इथे जागा वाचवायला जातात आणि फूटभर ठेवतात, मग ना घमेलं घेऊन नीट वळता येत ना कुत्रा त्या वाटेनं जातो, तो वाफ्यातूनच जातो. वाट त्याची आहे हे त्याला कळावं म्हणून आम्ही कडेनं विटा उभ्या लावल्या. गुडघे फारच दुखत असतील तर विटांचे दीड-दोन फूट उंच वाफे बांधून घ्या, खर्च एकदाच होतो, मग स्टुलावर बसून सगळं करता येतं. माझे तीन वाफे तसे आहेत, पालेभाज्यांचे.

पहिल्या वर्षीची खोल खणणी मजुराकडून करून घ्या. अगदी मनापासून सांगतेय, ती आपली कामं नाहीत आता. एकदा जमीन मोकळी झाली की दरवेळी वीतभर खणलं तरी भागतं, आणि तेही आम्ही पाळीपाळीनं करतो, हे दहा मिनिटं, मग मी ढेकळं फोडते तेवढ्यात ते बसतात. घमेलं अर्धंच भरायचं. "अगं, एका फेरीत होईल" असं हे अजूनही म्हणतात, मी म्हणते, "अहो, दोन फेऱ्या करा, आपल्याला कुठे बस पकडायचीय."

खतासाठी तीस चौरस फुटांच्या वाफ्याला चांगलं कुजलेलं शेणखत दोन घमेली आणि निंबोळी पेंड अर्धा किलो, वरच्या चार-पाच बोटांच्या मातीत मिसळायची. कुजलेलं म्हणजे कसं तर काळपट, भुसभुशीत, हातात घेतलं तर शेणाचा वास येत नाही, पावसानंतरच्या मातीसारखा येतो. कच्चं शेण टाकलं की हुमणी लागते, पांढरी जाड इंग्रजी सी सारखी वळलेली अळी, ती मुळं खाते आणि रोप उभ्याउभ्या मान टाकतं.

आता कुत्रा असलेल्या घरांसाठी ह्या लेखातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगते. एरंडीची पेंड आणू नका. कृषी सेवा केंद्रात ती सर्रास मिळते, खत म्हणून चांगलीच आहे, पण एरंडीच्या बीमधे जे विष असतं ते पेंडीत राहू शकतं आणि कुत्र्यांना त्या पेंडीचा वास आवडतो, ते ती मातीतून उकरून खातात. जीव जातो. हाडांचं खत विषारी नसलं तरी तोच प्रकार. आम्ही एका वर्षी टोमॅटोच्या खड्ड्यात ते मूठ मूठ टाकलं, दुसऱ्या दिवशी सकाळी बावीसच्या बावीस रोपं बाहेर आणि खंडूचं नाक मातीनं भरलेलं. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, हाडं पुरलीत असंच त्याला वाटलं ना. उंदराचं औषध, गोगलगायीच्या गोळ्या हे तर घराच्या आवारातच नको.

मातीबद्दल खरंच शंका असेल, म्हणजे वर्षानुवर्षं पानं पिवळीच पडतायत वगैरे, तर गोवर्धनला मुक्त विद्यापीठाच्या आवारात कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे माती परीक्षणाची चौकशी करा. नुसत्या अंदाजावर पोती ओतण्यापेक्षा ते बरं.

बसून करायचं काम: पेरणी

नऊच्या सुमारास माझं काम सुरू. पाट किंवा प्लास्टिकचं बुटकं स्टूल घ्यायचं, उकिडवं बसायचं नाही. मेथी बरेचजण फोकून टाकतात, मी ओळीत टाकते, कारण पुढे खुरपणी करताना गवत कुठलं आणि मेथी कुठली हे लगेच दिसतं. बोटानं अर्धा इंच खोल रेघ ओढायची, दोन रेघांत वीतभरापेक्षा जरा कमी अंतर, चिमटीतून बी सोडत जायचं, मागून तळहातानं माती सारून हलकं दाबायचं. ते दाबणं विसरू नका, बी आणि माती चिकटली तरच ओल बीला मिळते. मग झारीनं पाणी, पाइपची धार मारली तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं.

एकाच दिवशी अख्खा वाफा पेरू नका. दोन माणसांना मेथी लागते किती. अर्धा आज, अर्धा पंधरा दिवसांनी. मेथी साधारण पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते, पालकाची पहिली कापणी महिन्याभरात आणि मग तो फुटत राहतो, कोथिंबिरीला उगवायलाच आठ-दहा दिवस आणि एकूण चाळीस-पंचेचाळीस, मुळ्यालाही तेवढेच.

नुकतीच पेरलेली मऊ ओली माती म्हणजे कुत्र्यासाठी आमंत्रण. आम्ही वाफ्यावर तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, आडव्या-उभ्या टाकतो, चार बोटांची जाळी होईल अशा, रोप दोन बोटं वर आलं की काढून घ्यायच्या. काटेरी फांद्या टाकू नका, त्याचा पाय आणि आपला हात दोन्ही फाटतात. पण नुसतं अडवून भागत नाही, त्याला त्याची जागा द्यावी लागते. निंबाखाली चार बाय चार फुटांचा खड्डा केला, त्यात नदीची वाळू आणि माती मिसळून भरली, आणि पहिले तीन आठवडे रोज सकाळी त्याचा दोरीचा चेंडू त्यात अर्धवट पुरून ठेवला. वाफ्यात पाय टाकला की "खंडू, बाहेर", एवढंच, एकाच आवाजात, दोघांनीही तोच शब्द, आणि खड्ड्यात उकरलं की भाकरीचा तुकडा. तीन आठवडे कंटाळा न करता केलं. आता मी पेरत असले की तो खड्ड्यात ओली वाळू उकरून गार जागेत पोट टेकवून पडतो, हनुवटी विटेवर ठेवून माझ्या हाताकडे बघत, आणि वाफ्याला विटा लावल्यापासून चुकूनच कधी आत येतो.

कांदापात आणि लसणाचा वाफा मात्र मी कोंबडीच्या जाळीनं बंद केलाय. कांदा, लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवलेले असले तरी. टोमॅटोचा हिरवा पाला, हिरवी कच्ची फळंही त्याला खाऊ द्यायची नाहीत. आणि नाशिकमधे राहून हे सांगायलाच हवं की द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला एकसुद्धा नाही. किती खाल्ल्यावर त्रास होईल ह्याचा हिशेब नाही, एखाद्याला थोड्यातही किडनी जाते. मागच्या फेब्रुवारीत मळ्यातून पेटी आली होती, पाहुण्यांच्या मुलानं प्रेमानं खंडूला मूठभर भरवली. आम्ही लगेच गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी उलटी काढली, दोन दिवस सलाइन लावलं, तो वाचला. वाट बघत बसलो असतो तर मी आज हे असं लिहू शकले नसते. हंगामात पेट्या टेबलावर ठेवायच्या आणि मुलांना आधीच सांगायचं.

साडेदहा ते चार

थांबा. खुरपं खाली. थंडीचे दिवस असले तरी इथलं दुपारचं ऊन डोक्याला लागतं, आणि थंडीत तहान कळत नाही म्हणून पाणी आठवणीनं प्यायचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जिभेनंच थंड होतो, त्यामुळे त्याचं पाण्याचं भांडं सावलीत आणि दुपारी परत भरलेलं. जेवण, तासभर पडणं, मग वाटलं तर बियांच्या पुड्यांवर तारखा टाकणं. बास.

एक काम मात्र दुपारचं. फवारणीसाठी निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्या भरड कुटायच्या, लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम, रात्रभर भिजवून फडक्यातून दोनदा गाळायचं, वर चिमूटभर साबणाचा चुरा. म्हणजे आज भिजवलं तर उद्या संध्याकाळी फवारायचं, फवारणी नेहमी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूला. दर आठ-दहा दिवसांनी, कीड यायच्या आधीपासून. कीड भरभरून आल्यावर एकदा मारून "काही उपयोग नाही" म्हणणारे खूप भेटतात. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे पण लावा, रोपाच्या शेंड्याच्या जरा वर, खंडूच्या शेपटीला लागणार नाहीत असे.

चार नंतर: रोपं

टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं संध्याकाळीच लावायची, म्हणजे रात्रभरात ती सावरतात. नर्सरीतून रोप घेताना उंच बघून घेऊ नका, वीतभराचं, जाड देठाचं, चार-पाच पानांचं घ्या, आधीच फूल आलेलं तर नकोच. टोमॅटोला दोन रोपांत दीड-दोन फूट, वांग्याला दोन फूट, मिरचीला दीड. मागच्या वर्षी जिथे ह्यातलं काहीही होतं त्या वाफ्यात परत ह्यातलं काहीही नाही, ही सगळी एकाच कुळातली, रोग मातीत वाट बघत असतात. तिथे मेथी किंवा मटार घ्या. टोमॅटोचं रोप खालची दोन पानं काढून जरा खोल लावायचं, जमिनीत गेलेल्या देठाला पण मुळ्या फुटतात. काठी त्याच वेळी रोवायची, नंतर रोवली की मुळ्या तुटतात. बाजूला चार-सहा झेंडू.

मगभर पाणी प्रत्येकाच्या बुडाशी, पानांवर नाही. हे फक्त लागवडीच्या दिवशी हां, एरवी थंडीत संध्याकाळी पाणी देऊ नका, सकाळी ऊन आल्यावर द्या. इथे डिसेंबर-जानेवारीत दव इतकं पडतं, ढगाळ हवा आली की द्राक्षवाले रात्र रात्र जागतात, आपल्या टोमॅटोवर पण अशाच हवेत करपा रोग येतो, त्यात संध्याकाळचं ओलं पान म्हणजे त्याला पायघड्या. खालची पिवळी डाग पडलेली पानं दिसली की तोडून लांब टाकायची, कंपोस्टमधे नाही. बुडाशी वाळलेल्या पाल्याचं बोटभर आच्छादन घातलं की मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत आणि पाणी पण निम्म्यानं कमी लागल्यासारखं वाटतं.

आत जाण्याआधी

अवजारं मोजून उचलायची, खुरपं गवतात राहिलं की अंधारात पायात घुसतं. दोघांचं धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालेलं असावं, नसेल तर ह्या आठवड्यात घेऊन टाका. पाइप गुंडाळायचा, फाटकाची कडी लावायची.

मग ओट्यावर बसून खंडूला तपासायचं, हे रोज, दमलो असलो तरी. कानाच्या आत आणि मागे, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी, आणि बोटांच्या मधे. गोचीड दिसली तर चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, रॉकेल-तेल काही लावायचं नाही, आणि काढलेली साबणाच्या पाण्यात टाकायची. एखाद्या दिवशी कुत्रा जेवला नाही, अंग गरम लागलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर, टिक फीवर, म्हणजे गोचिडीमुळे येणारा ताप, थांबत नाही. काल ह्यांनी चष्मा लावून त्याचा पुढचा डावा पंजा मांडीवर घेतला तर दोन बोटांच्या मधे डाळीएवढी एक निघालीच, तो हललासुद्धा नाही, नुसता ह्यांच्या मनगटाला नाक लावून बसला. मग तिघांचे पाय कोमट पाण्यानं धुतले आणि मी आत जाऊन शेपू निवडायला घेतला.